अमेरिकेतल्या जुन्या लाकडी घरांवर प्लास्टिकचं कवच: 'पुन्हा रंग द्यायलाच नको' हा सौदा महाग का पडतो?

तीन दातांचं दाताळं हातात घेऊन उभा असलेला गंभीर चेहऱ्याचा शेतकरी आणि त्याच्या शेजारी तितकीच गंभीर बाई. हे चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. कधी मास्क लावलेलं, कधी मांजरांचं, कधी सुपरहिरोंचं. कुठल्या ना कुठल्या मीमच्या रूपात ते तुमच्या फोनवर येऊन गेलेलं असणार.

ग्रँट वुड या चित्रकाराने १९३० साली काढलेलं हे 'अमेरिकन गॉथिक' शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पण या चित्राची सुरुवात माणसांपासून झाली नव्हती. आयोवा राज्यातल्या एल्डन नावाच्या छोट्या गावात वुडला एक पांढरं लाकडी घर दिसलं. अशा घरात कशी माणसं राहत असतील, या विचारातून ते दोघे नंतर चित्रात आले. ते घर आजही तिथे उभं आहे.

पुढच्या वेळी हे मीम आलं की माणसांच्या मागे बघा. घराच्या भिंतीवर उभ्या फळ्या दिसतील आणि दोन फळ्यांमधल्या फटीवर ठोकलेली अरुंद पट्टी. या पद्धतीला 'बोर्ड अँड बॅटन' म्हणतात.

अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या भिंती लाकडाने मढवण्याच्या अशा अनेक पद्धती आहेत. फळी कशी कापली, कशी ठोकली यावरून घर साधारण कधीचं, कुठल्या भागातलं आणि मालकाची ऐपत काय होती, याचा अंदाज बांधता येतो. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत अशा असंख्य भिंती ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थराखाली झाकल्या गेल्या.

त्या झाकल्याने नेमकं काय बिघडलं? आणि जुनी फळी वाचवायची तर काय करावं लागतं? सविस्तर समजून घेऊया.

साइडिंग म्हणजे काय?

आपल्याकडे भिंत म्हटली की वीट, दगड किंवा माती डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र बरीचशी जुनी घरं लाकडी सांगाड्याची आहेत. आधी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा करायचा, मग तो बाहेरून झाकायचा. या बाहेरच्या आवरणाला 'साइडिंग' म्हणतात. छताचं वजन पेलणं हे साइडिंगचं काम नाही. पाऊस, बर्फ आणि वारा बाहेर ठेवणं हे तिचं काम.

कोकणात पावसाळ्याआधी मातीच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे झाप लावतात. पावसाच्या माऱ्याने भिंत खचू नये म्हणून केलेला तो आडोसा असतो. साइडिंग हाही असाच आडोसा, फक्त कायमचा.

तिचं तंत्र कौलांसारखं आहे. वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढवायची, म्हणजे पाणी फटीत न शिरता खाली ओघळून जातं. थोडं पाणी आत गेलंच, तर फळ्यांमधल्या बारीक फटींतून ते वाळूनही जातं. हे 'वाळणं' लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याभोवती फिरते.

क्लॅपबोर्ड: पिंपाच्या फळीपासून भिंतीच्या फळीपर्यंत

अमेरिकेच्या ईशान्य भागाला न्यू इंग्लंड म्हणतात. तिथली सर्वांत ओळखीची पद्धत म्हणजे 'क्लॅपबोर्ड'. आडव्या, अरुंद, एकावर एक चढवलेल्या फळ्या. हॉलिवूडच्या सिनेमात हिरवळीवर दिसणारं पांढरं घर बहुतेक वेळा हेच असतं.

सतराव्या शतकात इंग्लंडमधून आलेल्या वसाहतवाल्यांना भिंतीवर फळ्या ठोकण्याची पद्धत माहीत होती. इंग्लंडच्या आग्नेय भागात ती रूढ होती. मॅसॅच्युसेट्सची थंडी, बर्फ आणि वादळी पाऊस यांत मातीचा गिलावा टिकेना. चुना दुर्मीळ होता, लाकूड मात्र हवं तितकं. त्यामुळे फळ्यांचं आवरण तिथे सर्रास झालं.

सुरुवातीच्या फळ्या करवतीने कापलेल्या नव्हत्या, फोडलेल्या होत्या. कलिंगडाच्या फोडी करतात तसा ओंडका मध्यापासून कडेकडे फोडायचा. त्यामुळे प्रत्येक फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ व्हायची. पातळ कड वर ठेवायची आणि त्यावर पुढच्या फळीची जाड कड चढवायची. अशी फळी लाकडाच्या धाग्याच्या दिशेने निघालेली असल्याने कमी वाकते आणि कमी तडकते.

गंमत म्हणजे 'क्लॅपबोर्ड' हा शब्द मूळचा भिंतीचा नाहीच. जर्मन भाषाकुळातून इंग्रजीत आलेला हा शब्द पिंप बनवण्याच्या फळ्यांसाठी होता. १६२१ साली प्लिमथच्या वसाहतीतून 'फॉर्च्युन' नावाचं जहाज इंग्लंडला परत निघालं, तेव्हा त्यात प्राण्यांच्या कातड्यांसोबत क्लॅपबोर्ड भरलेला होता. म्हणजे वसाहतीच्या अगदी पहिल्या निर्यातीत या फळ्या होत्या. ते जहाज वाटेत फ्रेंचांनी लुटलं, ही गोष्ट वेगळी.

मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावात फेअरबँक्स हाउस आहे. त्याच्या लाकडातल्या वर्तुळांचा अभ्यास करून ते १६३७ ते १६४१च्या दरम्यान बांधलं गेल्याचं ठरवण्यात आलं. उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांमध्ये ते सर्वांत जुनं मानलं जातं. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज लहान होते. लाकडाचं घर इतकी वर्षं टिकू शकतं, ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची माहिती समजायला हरकत नाही.

दक्षिणेकडे व्हर्जिनियात करवतीने कापलेल्या लांब फळ्या, म्हणजे 'वेदरबोर्ड', जास्त दिसतात. चांगल्या घरांवर या फळ्यांच्या खालच्या कडेला रंध्याने बारीक गोलाई काढलेली असते. विल्यम्सबर्गच्या जुन्या वस्तीत ही गोलाई आजही पाहायला मिळते.

लाकडाला दगडाचं सोंग

लाकूड स्वस्त म्हणून सगळे वापरत होते. मग श्रीमंताने आपलं घर वेगळं कसं दाखवायचं? जॉर्ज वॉशिंग्टन यांनी व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या आपल्या घरासाठी १७५०च्या दशकाच्या अखेरीस एक युक्ती वापरली.

पाइनच्या फळ्यांना अशा तिरक्या खाचा पाडल्या, की दुरून त्या घडीव दगडांसारख्या दिसाव्यात. मग त्यावर रंग दिला आणि तो ओला असतानाच त्यावर वाळू फेकली. रंग वाळल्यावर पृष्ठभाग दगडासारखा खरखरीत झाला. आज हजारो पर्यटक ज्या 'दगडी' घरासमोर सेल्फी काढतात, त्याची ती दर्शनी भिंत लाकडी आहे.

शिंगल: रंगच न दिलेली भिंत

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, विशेषतः नँटकेट बेटावर, घरं करड्या रंगाची दिसतात. तो रंग कोणी दिलेला नाही. सीडर नावाचं लाकूड पातळ, छोट्या चिपांसारखं कापून माशांच्या खवल्यांप्रमाणे भिंतीवर बसवतात. या चिपांना 'शिंगल' म्हणतात. ऊन आणि खारा वारा लागून त्यांचा मूळचा तपकिरी रंग जातो आणि रुपेरी करडी छटा येते.

१८७० ते १८९०च्या दशकांत श्रीमंतांच्या समुद्रकाठच्या बंगल्यांवर शिंगल इतकी लोकप्रिय झाली, की त्या वास्तुशैलीचं नावच पुढे 'शिंगल स्टाइल' पडलं. ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टमधलं १८८३चं आयझॅक बेल हाउस हे तिचं प्रसिद्ध उदाहरण.

बोर्ड अँड बॅटन आणि यंत्रावर घडलेल्या फळ्या

'अमेरिकन गॉथिक'मधल्या उभ्या फळ्यांचा मोठा प्रचारक म्हणजे अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग. १८५० साली आलेल्या ग्रामीण घरांवरच्या आपल्या पुस्तकात त्याने उभ्या फळ्यांची बाजू मांडली. घराचा सांगाडा उभ्या खांबांचा असतो, मग बाहेरच्या फळ्यांनीही तेच दाखवावं, असा त्याचा मुद्दा होता. मध्यमवर्गाला परवडणाऱ्या, टोकदार छपरांच्या छोट्या घरांवर ही पद्धत पसरली. एल्डनचं ते घर १८८०च्या दशकाच्या सुरुवातीचं, म्हणजे याच लाटेतलं.

त्यानंतर यंत्रं आणि रेल्वे यांनी सगळं बदललं. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांमध्ये फळीच्या कडेला जीभ आणि खाच पाडता येऊ लागली. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत घट्ट बसते. वरच्या कडेला अर्धगोल खोलगट नक्षी असते. याला 'ड्रॉप साइडिंग' किंवा 'नॉव्हेल्टी साइडिंग' म्हणतात. स्वस्त घरांत ती थेट खांबांवर ठोकली जायची आणि तीच बाहेरची संपूर्ण भिंत असायची. सीअर्स कंपनीने १९०८पासून अख्ख्या घराचं सामान कॅटलॉगमधून विकायला सुरुवात केली, तेव्हा अशा घडीव फळ्या रेल्वेने गावोगाव पोहोचल्या.

पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोत हेच काम रेडवुडच्या लाकडात झालं. अलामो चौकासमोरची १८९०च्या दशकातली रंगीबेरंगी 'पेंटेड लेडीज' घरं त्यातलीच.

म्हणजे जुनी साइडिंग हा घराचा जन्मदाखलाही असतो. फळीच्या मागच्या बाजूला सरळ खुणा असतील, तर ती वरखाली चालणाऱ्या करवतीवर कापलेली असते. गोलाकार खुणा असतील, तर एकोणिसाव्या शतकातल्या गोल पात्याच्या करवतीवर. खिळे लोहाराने ठोकून बनवलेले आहेत की यंत्रावर कापलेले की तारेचे, यावरूनही काळ कळतो. तज्ज्ञ आधी हेच बघतात.

मग प्लास्टिक आलं कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमची साइडिंग बाजारात जोरात आली. तिच्या आगेमागे डांबरी आणि ॲस्बेस्टॉसची आवरणंही होती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस व्हाइनल आलं. व्हाइनल म्हणजे पीव्हीसी, आपल्या नळाच्या पाइपांचं प्लास्टिक.

विक्रेते दारोदार फिरत. सगळ्यांचं आश्वासन एकच: पुन्हा आयुष्यात घराला रंग द्यावा लागणार नाही. या धंद्यातली लबाडी इतकी गाजली, की दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन यांनी १९८७ साली त्यावर 'टिन मेन' नावाचा विनोदी सिनेमा काढला. तो १९६३च्या बाल्टिमोरमधल्या ॲल्युमिनियम साइडिंग विकणाऱ्यांवर आहे.

पण लोकांनी आवरण घेतलं ते केवळ फसवणुकीमुळे नाही. लाकडी भिंतीचा रंग साधारण पाच ते आठ वर्षं टिकतो. दुमजली घराला शिडी लावून जुना रंग खरवडायचा आणि नवा द्यायचा, हे खर्चाचं आणि कष्टाचं काम आहे. निवृत्त जोडप्याला किंवा कर्जात असलेल्या कुटुंबाला एकदाच पैसे भरून सुटका हवीशी वाटणं स्वाभाविक आहे.

अडचण अशी, की सुटका होत नाही.

कवचाखाली काय होतं?

पहिलं म्हणजे घराचा चेहरा जातो. व्हाइनल सपाट बसवायचं असतं. त्यासाठी खिडक्यांभोवतीच्या जाड चौकटी, कोपऱ्याच्या पट्ट्या, छज्जाखालची नक्षी आड येते. ती अनेकदा कापून टाकली जाते. खिडकी आधी भिंतीच्या पुढे उठून दिसायची, ती आता भिंतीत रुतल्यासारखी दिसते.

यात एक विनोदही आहे. बऱ्याच व्हाइनल पट्ट्यांवर लाकडासारख्या रेघा ठसवलेल्या असतात. पण खरी जुनी क्लॅपबोर्डची फळी बहुतेक वेळा रंध्याने गुळगुळीत केलेली आणि रंगवलेली असायची. तिच्यावर रेघा दिसतच नव्हत्या. म्हणजे नक्कल अस्सलपेक्षा जास्त 'लाकडी' दिसते.

दुसरं आणि जास्त गंभीर म्हणजे आतलं काही दिसत नाही. रंगवलेली लाकडी भिंत बिघडली की सांगते. रंग फुगतो, पोपडे निघतात, डाग पडतो. व्हाइनल मात्र वर्षानुवर्षं तसंच दिसतं. त्यामागे पन्हळ गळत असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत असेल किंवा वाळवी लागली असेल, तरी बाहेरून पत्ता लागत नाही. लक्षात येतं तेव्हा फळी नाही, आतला खांब कुजलेला असतो. फळी बदलणं आणि खांब बदलणं यांच्या खर्चात मोठा फरक आहे.

तिसरं, 'कायमचं' आवरणही कायमचं नसतं. व्हाइनल उन्हाने प्रसरण पावतं. साडेबारा फुटांची पट्टी ऋतूनुसार अर्धा इंच किंवा त्याहून थोडी जास्त लांब-आखूड होते. म्हणून ती घट्ट ठोकत नाहीत, सैल टांगतात. कडाक्याच्या थंडीत ती ठिसूळ होते आणि चेंडू लागला तरी तडकू शकते. साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसला ती मऊ पडू लागते. शेजारच्या घराच्या आधुनिक काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हाने व्हाइनल वितळून वाकडं झाल्याची उदाहरणं अमेरिकेत आहेत.

आणि ते फिकटलं किंवा फुटलं, तर एक पट्टी बदलून भागतंच असं नाही. तोच रंग, तोच साचा काही वर्षांनी बाजारात मिळेल याची खात्री नसते. लाकडाची फळी मात्र कुठलाही चांगला सुतार मापाने कापून देऊ शकतो.

रंग उडणं हा आजार नाही, लक्षण आहे

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे केवळ राष्ट्रीय उद्यानं नाहीत. ऐतिहासिक इमारतींबाबत मार्गदर्शन करण्याचं कामही याच संस्थेकडे आहे. तिच्या 'प्रिझर्वेशन ब्रीफ' नावाच्या पुस्तिका मोफत उपलब्ध आहेत. त्यातली आठवी पुस्तिका ॲल्युमिनियम आणि व्हाइनल साइडिंगवर आहे, दहावी जुन्या लाकडावरच्या रंगाच्या तक्रारींवर.

या क्षेत्रातल्या जाणकारांच्या सांगण्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: रंग का उडाला ते आधी शोधा, रंग नंतर द्या.

लाकूड जुनं झालं म्हणून कुजत नाही, ते ओलं राहिलं म्हणून कुजतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर त्याला कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. म्हणून एकाच भिंतीचा रंग वारंवार जात असेल, तर तिथे पाणी कुठून येतंय, हा पहिला प्रश्न.

उत्तरं बहुतेक वेळा साधी असतात. पन्हळ तुंबलेली असते. छपराच्या पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून खालच्या फळ्यांवर उडतं. भिंतीला टेकून झुडपं वाढलेली असतात. किंवा पाणी आतून येतं: स्वयंपाकघर आणि बाथरूमची वाफ भिंतीतून बाहेर पडताना थंड फळीच्या मागे गारठते आणि तिचं पाणी होतं. थंडीपासून बचावासाठी जुन्या भिंतीत नंतर इन्सुलेशन भरलं असेल, तर हा त्रास वाढू शकतो.

रंगाला आलेला फुगाही माहिती देतो. तो ब्लेडने कापून बघायचा. खाली थेट लाकूड दिसलं, तर पाणी हे कारण असण्याची शक्यता जास्त. खाली रंगाचा जुना थर दिसला, तर वरचा थर कडक उन्हात घाईने दिल्याची शक्यता जास्त. काही घरांवर मात्र शंभर वर्षांत रंगाचे इतके थर चढलेले असतात, की त्यांची जाडी इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत जाते. असा जाड, ताठ झालेला रंग लाकडासोबत आकुंचन-प्रसरण पावू शकत नाही आणि आडवा-उभा तडकतो.

जुनी फळी फेकायची घाई का नको?

नवं लाकूड आणून बसवलं तर बिघडलं काय, असं कोणीही विचारेल. फरक झाडात आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या फळ्या बऱ्याचदा जुन्या, नैसर्गिक जंगलातल्या झाडांच्या आहेत. दाटीत, सावलीत ही झाडं सावकाश वाढली. त्यांची वर्षाची वर्तुळं एकमेकांना चिकटून असतात आणि खोडाच्या गाभ्यातल्या टिकाऊ लाकडाचं प्रमाण जास्त असतं. आज लागवडीतून मिळणारी झाडं लवकर वाढवलेली असतात. त्या प्रतीचं जुनं लाकूड आता सहज विकत मिळत नाही.

म्हणून जतनाचा नियम असा: आधी सांभाळा, मग दुरुस्त करा, अगदीच नाइलाज झाला तर बदला. बदलावंच लागलं, तर जितकं खराब तितकंच बदला आणि नवी फळी माप, आकार, पोत यांत जुन्यासारखी ठेवा.

प्रत्यक्ष काम असं चालतं:

• उभी चीर गेलेली फळी फेकत नाहीत. चिरेत पाण्याला दाद न देणारा डिंक किंवा इपॉक्सी भरून ती दाबून सांधतात.

• टोक कुजलं असेल, तर तेवढाच तुकडा खांबापर्यंत कापून काढतात आणि त्याच जातीच्या लाकडाचा जोड बसवतात.

• अख्खी फळी काढायची, तर वरच्या फळीखाली पाचर सारून ती किंचित उचलतात आणि करवतीच्या पातळ पात्याने मागचा खिळा कापतात. म्हणजे शेजारच्या फळ्या फुटत नाहीत.

• नवी फळी बसवण्याआधी तिला चारही बाजूंनी, मागूनही, प्रायमर देतात. कापलेल्या टोकांना तर नक्कीच, कारण लाकूड टोकातून सर्वाधिक पाणी पितं.

• जुना रंग मुळापासून काढण्याची गरज सहसा नसते. सैल झालेला रंग हाताने खरवडायचा आणि घट्ट थर आला की थांबायचं.

काही गोष्टी कटाक्षाने टाळायच्या असतात. वाळूचा फवारा आणि जोरदार दाबाचं पाणी लाकडाचा पृष्ठभाग खरवडून टाकतात. शिवाय पाणी फळ्यांच्या मागे शिरतं. ज्योतीच्या टॉर्चने रंग जाळताना भिंतीच्या आतली धूळ पेटून घरं जळाली आहेत. आणि सर्वांत सामान्य चूक म्हणजे फळ्यांच्या खालच्या आडव्या फटी लांबी किंवा सीलंट भरून बंद करणं. फट बुजवली की पाणी थांबेल असं वाटतं. प्रत्यक्षात आत गेलेलं पाणी बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

घर माझं, मग परवानगी कशाला?

अमेरिकेत यावर जोरदार वाद होतात आणि त्यात गैरसमजही बरेच आहेत.

१९६६च्या राष्ट्रीय कायद्याने ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पण घर या नोंदवहीत आहे, एवढ्यानेच खासगी मालकावर बंधन येत नाही. तो स्वतःच्या पैशाने काम करत असेल, तर केंद्र सरकार त्याला अडवत नाही.

खरं बंधन असतं स्थानिक पातळीवर. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनने १९३१ साली संरक्षित ऐतिहासिक वस्ती ठरवून असे नियम पहिल्यांदा लागू केले. नँटकेट आणि बोस्टनच्या बीकन हिलमध्ये १९५५ साली असे नियम आले. अशा वस्तीत घराच्या दर्शनी भागात बदल करण्याआधी स्थानिक समितीची मंजुरी लागते आणि अनेक ठिकाणी व्हाइनलला नकार मिळतो. न्यू जर्सी किंवा बोस्टनच्या आसपास जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे नियम लागू होतातच. त्यामुळे घर अशा हद्दीत येतं का, हे करारावर सही करण्याआधी विचारलेलं बरं.

मदतीचं काय? प्रमाणित ऐतिहासिक इमारतीच्या योग्य पुनर्वसनाला केंद्राकडून खर्चाच्या २० टक्के कर-सवलत मिळते. पण ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी, म्हणजे दुकानं, हॉटेलं, भाड्याची घरं यांच्यासाठी. स्वतःच्या राहत्या घराला ती मिळत नाही. काही राज्यं घरमालकांना वेगळी सवलत देतात, सगळी नाही. सामान्य घरमालकाची तक्रार इथेच असते: नियम माझ्यावर, खर्चही माझ्यावर. ही तक्रार खोटी नाही.

लाकडाच्या विरोधात जाणारे मुद्दे

लाकूड जपणं म्हणजे नुसतं प्रेम नाही, त्यात धोकेही आहेत.

पहिला धोका शिशाचा. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरण्यावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरांवर शिशाचा रंग असू शकतो आणि तो खरवडताना उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. २०१०पासून अशा घरांत रंगाचा थर उखडणारं काम करणाऱ्या ठेकेदारांना प्रमाणपत्र घेणं आणि धूळ आवरण्याचे नियम पाळणं बंधनकारक आहे. चांगल्या कामाचा खर्च वाढतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा धोका आगीचा. कॅलिफोर्नियात २००८पासून वणव्याचा धोका असलेल्या भागांत नव्या घरांच्या बाह्य भिंतीसाठी आगीला तोंड देणाऱ्या सामग्रीचे नियम आहेत. तिथे शिंगलने मढवलेल्या घराचं जतन आणि घरात राहणाऱ्यांची सुरक्षितता, दोन्हींचा विचार करावा लागतो.

शिवाय व्हाइनलखेरीज सिमेंट आणि तंतूंपासून बनलेल्या फळ्यांसारखे पर्यायही आता आहेत. पूर्ण नष्ट झालेल्या भागासाठी किंवा नव्या वाढीव बांधकामासाठी काही समित्या त्यांना परवानगी देतात. वाद आहे तो चांगल्या स्थितीतली जुनी फळी झाकायला किंवा काढून टाकायला.

झाकलेलं घर परत मिळतं का?

अनेकदा मिळतं. सॅन फ्रान्सिस्कोत विसाव्या शतकाच्या मध्यात कित्येक व्हिक्टोरियन घरांची नक्षी उतरवून त्यांवर सिमेंटचा गिलावा किंवा ॲस्बेस्टॉस चढवलं गेलं. पुढे काही मालकांनी हे थर काढले, तेव्हा खाली रेडवुडच्या फळ्या सापडल्या. काढून टाकलेल्या नक्षीच्या जागी रंगाची सीमारेषा भुतासारखी उमटलेली असते. जाणकार तिला 'घोस्ट' म्हणजे भूतच म्हणतात. त्या रेषेवरून हरवलेल्या पट्टीचा आकार मोजून सुतार ती पुन्हा घडवू शकतो. ॲस्बेस्टॉसचा थर मात्र स्वतः उचकटायचा नसतो, ते प्रशिक्षित माणसांचं काम आहे.

म्हणूनच जुन्या घराचा मालक विक्रेत्याच्या कागदावर सही करण्याआधी काही साधे प्रश्न विचारू शकतो. रंग घराच्या चारही बाजूंनी गेलाय की एकाच? तिथे पन्हळ, खिडकी किंवा बाथरूम आहे का? टोच्याने टोचल्यावर फळी टणक लागते की मऊ? खराब फळ्या किती, पाच की पन्नास? बऱ्याचदा असं दिसतं, की खालच्या तीन-चार ओळी आणि उन्हा-पावसाचा मारा खाणारी एक भिंत सोडली तर बाकी घर ठणठणीत आहे. अशा वेळी पन्हळ साफ करून, मोजक्या फळ्या बदलून आणि यंदा एकच बाजू रंगवून काम भागतं. पुढची बाजू पुढच्या वर्षी. अमेरिकेतले अनेक घरमालक खर्चाचा भार असाच वाटून घेतात, आणि दरवर्षी शिडी लागल्यामुळे पाणी कुठे शिरतंय तेही त्यांना वेळेत कळतं.